डिस्कसचीं पिलें घरीं आल्यावर

घरांत मासे पाळण्याचा छंद महाराष्ट्रांत आतां नवा राहिलेला नाहीं. १९५१ सालीं मुंबईस मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, आणि पुढें कित्येक पिढ्यांतील मुलांनीं शाळेच्या सहलींत तेथील कांचेला नाक लावून मासे पाहिले. त्या कांचेची लहान आवृत्ति हळूहळू घरोघरच्या बैठकींत येऊन बसली. हिंगोलीसारख्या, समुद्रापासून शेंकडों किलोमीटर दूर असलेल्या गांवींहि ती दिसते. गप्पी, मॉली, गोल्डफिश यांवर हात बसला कीं हौशी मनुष्याची दृष्टि डिस्कसकडे वळते. थाळीसारखा वाटोळा, चपटा, अंगावर निळ्या-तांबड्या रेघांची वेलबुट्टी असलेला हा मासा पाहिल्यावर घेण्याचा मोह आवरत नाहीं. आणि पूर्ण वाढलेल्या माशाची किंमत ऐकल्यावर तितकाच सहज मनुष्य पिलांकडे वळतो. रुपयाच्या नाण्याहून थोडींशीं मोठीं अशीं पांच-सहा पिलें पिशवींतून घरीं येतात. चारच दिवसांत त्यांतील दोन काळवंडून कोपऱ्यांत उभीं राहतात, अन्नाला तोंड लावीत नाहींत, आणि सगळें घर हवालदिल होतें. ह्या चार दिवसांत काय घडतें व काय करावें, हा प्रस्तुत भाषणाचा विषय होय.

डिस्कसचें मूळ घर म्हणजे दक्षिण अमेरिकेंतील अ‍ॅमेझॉन नदीचें खोरें. योहान नाटरर ह्या ऑस्ट्रियन संग्राहकानें ब्राझीलमधून पाठविलेल्या नमुन्यांवरून हेकेल ह्या प्राणिशास्त्रज्ञानें १८४० सालीं त्याचें पहिलें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. नदीच्या संथ फांट्यांत, पडलेल्या झाडांच्या फांद्यांच्या आडोशास हा मासा कळपानें राहतो. तेथील पाणी बारा महिने उबदार, सुमारें २८ ते ३० अंश सेल्सिअस. कुजलेल्या पानांच्या अर्कानें पुष्कळदां चहासारखें तांबूस, किंचित् आम्ल, आणि क्षार जवळजवळ नाहींतच. गोवा-कोंकणच्या खाड्यांत मिळणारें कालुंदर ह्याच कुळांतलें आहे, हें ऐकून ताटांतील मासाच ओळखणाऱ्यांस गंमत वाटेल.

ह्या माशाची पिलें वाढविण्याची रीत मात्र सस्तन प्राण्यांची आठवण करून देणारी आहे. अंड्यांतून बाहेर पडून पोहूं लागलेलीं पिलें थेट आईबापांच्या अंगाला जाऊन चिकटतात आणि त्यांच्या त्वचेवर पाझरणारा बुळबुळीत स्राव टिपून खातात. आई दमली कीं अंगाला एक झटका देते आणि पिलें बापाकडे जातात. इंग्लंडमधील प्लिमथ येथील संशोधकांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, अंडीं घातल्यापासून ह्या स्रावांतील प्रथिनें व रोगप्रतिकारक द्रव्यें वाढतात, आणि पिलें सुमारें तीन आठवड्यांचीं झालीं म्हणजे आईबाप थोडा थोडा वेळ त्यांना टाळून दूर पोहूं लागतात. अंगावर पिणारें बाळ तोडावें तसाच हा प्रकार! भारतांतील नारिंगी एट्रोप्लस ह्या लहानशा माशाचीं पिलेंहि आईबापांच्या अंगावरचा स्राव टिपतात.

बाजारांत येणारें पिलूं म्हणजे, थोडक्यांत, नुकतेंच उष्टावण झालेलें लेंकरूं. तें चेन्नईजवळच्या कोलातूरहून येवो, कोलकात्याहून येवो कीं थायलंड-मलेशियांतून. जन्मल्या पाण्यांतून व्यापाऱ्याच्या टाकींत, तेथून दुकानांत आणि दुकानांतून घरीं, असे दोन-तीन मुक्काम त्याचे महिन्या-दीड महिन्यांतच झालेले असतात. प्रत्येक मुक्कामीं पाणी वेगळें, सोबती वेगळे, अन्न वेगळें. चौथ्या ठिकाणीं उतरल्याबरोबर त्यानें भरपेट जेवावें ही अपेक्षाच चुकीची आहे.

हिंगोली जिल्ह्याची जमीन काळ्या पाषाणाची. कयाधूच्या कांठच्या विहिरींचें व बोअरचें पाणी अ‍ॅमेझॉनच्या पाण्याच्या अगदीं उलट, म्हणजे कठिण व बहुधा अल्कधर्मी. भांड्यांवर पांढरा थर धरणारें हें पाणी पाहून हौशी मनुष्य घाबरतो आणि बाटल्यांतून मिळणारीं आम्ल द्रव्यें ओतून पाण्याचा सामू खालीं आणूं पाहतो. हा उद्योग टाळावा. आज बाजारांत मिळणारीं बहुतेक पिलें अनेक पिढ्या टाक्यांतच वाढलेल्या माशांचीं असतात. तीं मध्यम कठिण पाण्यांत चांगलीं वाढतात. मऊ पाण्याची खरी गरज अंडीं फळण्याच्या वेळीं पडते, आणि तो प्रश्न दीड-दोन वर्षांनंतरचा आहे. पिलांना सोसत नाहीं तें कठिण पाणी नव्हे, तर सकाळीं एक आणि संध्याकाळीं दुसरें असें पाणी.

पाण्याच्या सामूचें महत्त्व निराळ्या कारणासाठीं आहे. मासा कल्ल्यांवाटें अमोनिया टाकतो. तो पाण्यांत दोन रूपांत राहतो. त्यांतील एक फारसें बाधत नाहीं, दुसरें जहाल विष आहे. ३० अंश तपमानाच्या पाण्याचा सामू ७ असेल तर विषारी भाग शंभरांत एकहि भरत नाहीं. सामू ८ झाला कीं तोच भाग सात-आठावर जातो. गरम आणि अल्कधर्मी पाण्यांत डिस्कस ठेवणाऱ्यानें अमोनिया साठूं न देण्याची दुप्पट काळजी कां घ्यावी, हें ह्यावरून ध्यानीं येईल.

पिशवी उघडण्याच्या कृतींतहि हेंच शास्त्र आहे. दूरच्या प्रवासांत माशांच्या श्वासोच्छ्वासानें पिशवींत कर्बद्विप्राणिल वायु साठतो, पाणी आम्ल होतें, आणि साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपांत दबून राहतो. पिशवी उघडली कीं वायु उडून जातो, सामू चढतो आणि दबलेलें विष जागें होतें. म्हणून पिशवी उघडून तींत तासभर थेंब थेंब पाणी सोडीत बसण्याची पद्धत लांबच्या प्रवासानें आलेल्या माशांना घातक ठरूं शकते. बंद पिशवीच वीस मिनिटें टाकींत तरंगत ठेवून तपमान जुळवावें, मग ती उघडून मऊ जाळीनें पिलें लगेच टाकींत सोडावींत. पिशवींतलें पाणी मोरींत ओतावें. टाकींत त्याचा थेंबहि जाऊं देऊं नये.

पहिल्या दिवशीं अन्न देऊं नये. दिवा मालवावा, टाकीच्या मागच्या बाजूस व दोन्ही कडांस कागद लावावा, मुलांना कांचेवर टिचक्या मारण्यापासून आवरावें. दुसऱ्या दिवशीं चिमूटभर अन्न द्यावें आणि दहा-पंधरा मिनिटांनीं राहिलेलें नळीनें ओढून काढावें. येथेंच बहुतेक घरांत चूक होते. पिलूं खात नाहीं म्हणून गृहिणीचा जीव तुटतो. ती थोडें आणखी घालते, नंतर दुसऱ्या प्रकारचें घालून पाहते. न खाल्लेलें अन्न तळाशीं कुजतें, अमोनिया वाढतो, पिलूं अधिकच मलूल होतें, आणि तें मलूल दिसलें म्हणून पुन्हां अन्न! ह्या फेऱ्यांत उपासानें नव्हे तर मायेनें पिलें मरतात. दोन-चार दिवसांचा उपास तें सहज सोसतें.

तथापि वाट पाहण्यालाहि मर्यादा आहे. डिस्कसची वाढ पहिल्या कांहीं महिन्यांत झपाट्यानें होते. ह्या काळांत अर्धपोटीं राहिलेलें पिलूं पुढें कितीहि खाऊं घातलें तरी खुरटलेलें राहतें. शरीर लांबट, आणि त्याच्या मानानें डोळे विलक्षण मोठे. म्हणून आठवडा उलटून गेला तरी पिलूं अन्नाला शिवत नसेल, तर आतां कारण शोधलें पाहिजे.

अन्न कोणतें द्यावें? नुकतीं अंड्यांतून काढलेलीं आर्टेमियाचीं पिलें सर्वांत उत्तम. त्यांच्या हालचालीनेंच रुसलेल्या माशाचें तोंड सुटतें. परदेशांत बैलाच्या काळजाचा खिमा देण्याची रीत आहे. आपल्याकडे सोललेली कोळंबी बारीक वाटून, थोडा वाफवलेला पालक मिसळून, पातळ वडीसारखी गोठवून ठेवली तर चांगलें चालतें. दाणेदार तयार खाद्याची संवय हळूहळू लावावी. गटारांच्या गाळांतून काढलेले ट्युबिफेक्स किडे स्वस्त मिळतात आणि मासे ते आवडीनें खातात, पण त्यांच्याबरोबर रोग घरांत येतो. ते न आणलेलेच बरे. खाऊं लागलेल्या पिलाला दिवसांतून चार-पांच वेळां थोडें थोडें द्यावें. इतकें खाणें म्हणजे तितकीच घाण. म्हणून टाकीच्या तळाशीं वाळू-दगड नकोत, आणि रोज तिसरा हिस्सा पाणी बदलावें. तें पाणी आदल्या दिवशीं पिंपांत भरून, हवेचा पंप लावून, त्याच तपमानाला आणलेलें असावें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन त्यानें उडून जातो आणि बोअरच्या पाण्यांत कमी असलेला प्राणवायु भरून निघतो. नवी टाकी असेल तर अमोनिया पचविणारे सूक्ष्म जंतु गाळणींत वसण्यास महिना-दीड महिना लागतो, तोंवर ह्या पाणीबदलाला पर्याय नाहीं. पिलें निदान पांच-सहा एकत्र असावींत. दोनच ठेवलीं तर एक दुसऱ्याला अन्नाजवळ फिरकूं देत नाहीं.

आतां रोगाविषयीं. विष्ठेंतून पांढरा, बुळबुळीत धागा लोंबतांना दिसला कीं आतड्यांतील जंतूंचा रोग ठरवून औषध ओतण्याची घाई होते. उपाशी माशाची विष्ठाहि तशीच दिसते, हें विसरतां कामा नये. पांढरा धागा, काळवंडलेलें अंग, खपाटीस गेलेलें पोट व कपाळ, आणि तोंडांत घेतलेलें अन्न पुन्हां थुंकणें, हीं लक्षणें एकत्र दिसलीं तर मात्र स्पायरोन्युक्लियस ह्या सूक्ष्म जंतूचा संशय बळावतो. त्यावर मेट्रोनिडॅझोल हें औषध गुणकारी आहे. मासा खात असेल तोंवर तें अन्नांतून दिलेलें अधिक लागू पडतें, म्हणून निदानाला उशीर नसावा. एकाच बाजूचा कल्ला हलवून धापा टाकणें, वस्तूंवर अंग घासणें, हें कल्ल्यांवरील चपट्या कृमींचें लक्षण. त्यासाठीं प्रॅझिक्वांटेल वापरतात. घरांतील माणसांच्या गोळ्या अंदाजानें कुटून टाकण्यापेक्षां जाणकारास विचारावें. परभणीस पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. हिंगोलीकरांस दोन्ही फार दूर नाहींत. जिल्हा हळदीचा, तेव्हां टाकींत चिमूटभर हळद टाकण्याचा सल्ला शेजारून हमखास मिळतो. हळदीचे गुण स्वयंपाकघरांत निर्विवाद आहेत. आतड्यांतील जंतु त्यानें मरतील असा भरवसा धरतां येत नाहीं, आणि टाकींतलें पाणी मात्र गढूळ होतें. घरीं आधींचे डिस्कस असतील तर नव्यांना निदान चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकींत ठेवावें. जाळी व नळीहि वेगळी. वरवर निरोगी दिसणारीं दोन ठिकाणचीं डिस्कस एकत्र आणल्यावर दोन्ही आजारीं पडल्याचीं उदाहरणें पाळणाऱ्यांच्या पुष्कळ ओळखीचीं आहेत.

राहिला प्रश्न ऋतूंचा. हिंगोलीच्या उन्हाळ्यांत पारा चाळिशीपलीकडे जातो. टाकीचें पाणी ३३-३४ अंशांपुढें चढूं लागलें कीं झांकण काढून पृष्ठभागावरून पंख्याचा वारा सोडावा, म्हणजे बाष्पीभवनानें तें दोन-तीन अंश उतरतें. पाणी जितकें गरम तितका त्यांत प्राणवायु कमी मावतो, म्हणून हवेचा पंप अखंड चालला पाहिजे. वीज गेल्यावर चालणारा, घटावरचा लहान पंप बाजारांत मिळतो. मासे आणण्यापूर्वीं तो आणावा. थंडीच्या रात्रीं तापक बंद पडला तर जुन्या गोधडीनें टाकी चारी बाजूंनीं गुंडाळावी, वरची बाजू थोडी उघडी ठेवावी, आणि पहांटे पाणी कोमट करून घालण्याची घाई करूं नये. तपमान तासाला एखाद्या अंशानें चढलें तरी पुरे.