गोव्यात जन्मलेला बीच हेड



संग्राहकांच्या या संमेलनात तुम्ही दिलेली शाल खांद्यावर आहे आणि पर्समध्ये पावणेचार इंचांचा एक सैनिक आहे. बोलायच्या आधी त्याला इथे माइकशेजारी उभा करते. मागच्या रांगांना दिसणार नाही, म्हणून सांगते. डोक्यावर माकडटोपी, अंगात हिरवा गणवेश. उजव्या हाताचा अंगठा तुटलेला. जी. आय. जोचे अंगठे कसे तुटतात, हे या सभागृहात कुणाला सांगायची गरज नाही.

हा बीच हेड. मूळचा माझ्या दादाचा. १९९० च्या आसपास एका दिवाळीत तो घरात आला आणि त्याच संध्याकाळी आमच्या किल्ल्यावर चढला. बुरुजांवर मातीचे मावळे होते, उतारावर अळीव नुकतंच उगवलं होतं आणि महादरवाज्यात हा उभा, बंदूक घेऊन. आईने एकच अट घातली होती, की महाराजांच्या सिंहासनाजवळ याला आणायचं नाही. दादाने ती पाळली. त्या वर्षी गल्लीतल्या चार किल्ल्यांवर तरी असे परदेशी पहारेकरी होते.

तिसऱ्या दिवाळीला तो कमरेत तुटला. वरचं धड एका हातात, पाय दुसऱ्या हातात. मी रडले, कारण तोवर तो दादाकडून माझ्याकडे आला होता. वडील मोटार गॅरेजमध्ये कामाला होते. त्यांनी पाठीतला एकुलता एक स्क्रू काढला, आतली तुटलेली काळी रबरी कडी दाखवली आणि दुसऱ्या दिवशी नाना पेठेतल्या ऑइल सीलच्या दुकानातून तशीच ओ-रिंग आणली. दहा मिनिटांत बीच हेड पुन्हा कमरेत वळायला लागला. खेळण्याच्या आत काहीतरी असतं, कुणीतरी विचार करून ते तिथे बसवलेलं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. आज मी भोसरीच्या एका टूल रूममध्ये प्लास्टिकच्या भागांचे साचे डिझाइन करते. याचं मूळ त्या स्क्रूत आहे.

म्हणून आज मी बाजारभावाबद्दल कमी आणि साच्याबद्दल जास्त बोलणार आहे.

१९६४ मध्ये हॅस्ब्रोने बारा इंची जी. आय. जो बाजारात आणला तेव्हा मुलग्यांसाठीच्या खेळण्याला ‘बाहुली’ म्हणायचं नाही, म्हणून ‘अ‍ॅक्शन फिगर’ हा शब्द घडवला गेला. १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ आला. केनर कंपनीकडे नाताळापर्यंत फिगर्स तयार नव्हत्या, म्हणून तिने पुठ्ठ्याचं पाकीट आणि पुढच्या वर्षी चार फिगर्स मिळण्याची हमी देणारा कागद विकला. पावणेचार इंचांचं माप केनरनेच रूढ केलं. १९८२ मध्ये जी. आय. जोसुद्धा त्या मापात आला, कमरेत ओ-रिंग घेऊन. हा इतिहास तुम्हाला पाठ आहे. त्यात आपला भाग मात्र कुणी नीट सांगितलेला नाही.

एमआरएफ या टायर बनवणाऱ्या कंपनीने हॅस्ब्रोच्या साथीने १९८७ मध्ये फनस्कूल सुरू केली. कारखाना गोव्यात. हॅस्ब्रोचे साचे जसे ब्राझीलला एस्त्रेलाकडे आणि अर्जेंटिनाला प्लास्तिरामाकडे गेले, तसे ते आपल्याकडेही आले. साचा म्हणजे पोलादाचे दोन जड ठोकळे. आत धड, हात, मांडी, डोकं यांच्या पोकळ्या कोरलेल्या. वितळलेलं प्लास्टिक दाबाने आत जातं, थंड होतं, ठोकळे उघडतात, भाग खाली पडतो. देश बदलला तरी आकार तोच राहतो. बदलतं ते बाकी सगळं. प्लास्टिकचा दाणा बदलतो, त्यात मिसळलेला रंग बदलतो, ब्रश धरणारा हात बदलतो. साचा झिजला की जोडरेषेवर फ्लॅशची पातळ किनार येते. बोट फिरवून पाहा, माझ्या बीच हेडच्या दंडावर ती लागते.

अमेरिकेत १९९४ मध्ये ही छोट्या मापाची मालिका थांबली. आपल्या दुकानांत ती पुढेही अनेक वर्षं लटकत राहिली. अमेरिकेतल्या संग्राहकांना याचा सुगावा लागला आणि भारतातून फनस्कूलची कार्डं मागवली जाऊ लागली. त्यांनी हिरव्याच्या छटा वेगळ्या केल्या, कुठल्या फिगरच्या पट्ट्याला कधी चंदेरी रंग आहे आणि कधी काळा, हे तपासलं, याद्या केल्या, फोटो काढले. ते काम पाहून मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. सातासमुद्रापार बसून, भाषा येत नसताना, त्यांनी आपल्या कारखान्यातल्या मालाची वर्गवारी केली.

पण त्या याद्यांमध्ये एक प्रश्न कायम उघडा राहतो. ही छटा का बदलली? त्या आठवड्यात ठरलेला रंग संपला होता का? दाणा दुसऱ्या पुरवठादाराचा आला होता का? पाळी बदलली होती का? याचं उत्तर अमेरिकेत मिळणार नाही. ते गोव्यात आहे, मशीन चालवलेल्या, रंगाच्या टेबलावर बसलेल्या माणसांकडे. त्यांतले अनेक आता निवृत्तीला आले असतील. पणजीची गाडी आपल्याकडून एका रात्रीची आहे. त्यांची भाषा आपल्याला कळते. आणि आपल्यापैकी किती जणांनी तिथे जाऊन एका माणसाशी तासभर गप्पा मारल्या आहेत? मीही मारलेल्या नाहीत. याची मला खंत वाटते, आणि अध्यक्ष म्हणून आज दुसरं काही बोलण्याआधी मला हेच बोलायचं होतं.

ही-मॅनचंही तेच. दूरदर्शनवर तो पाहिलेली एक अख्खी पिढी या सभागृहात आहे. मॅटेलच्या त्या फिगर्स आपल्याकडे लिओच्या नावाने आल्या. लिओ म्हणजे व्हीआयपी सूटकेसवाल्या ब्लो प्लास्टची खेळणी. आज त्या लिओ फिगर्स जगभरातले लोक शोधतात. आपण मात्र त्यांच्याविषयीची माहिती परदेशातून उसनी घेतो.

आता आपल्या छंदातल्या गेल्या काही वर्षांच्या घडामोडींकडे वळते.

सर्वांत मोठा बदल म्हणजे गिऱ्हाईकच आता साच्याचे पैसे आधी भरतं. २०१८ मध्ये हॅस्ब्रोने हॅसलॅब या आपल्या आगाऊ नोंदणीच्या मंचावर ‘स्टार वॉर्स’मधल्या जब्बाच्या नौकेची योजना मांडली. किंमत पाचशे डॉलर, पाच हजार लोकांनी पैसे भरले तरच नौका बनणार. ८,८१० जणांनी भरले. २०२१ मध्ये त्याच चित्रपटमालिकेतल्या रँकर या राक्षसासाठी नऊ हजारांची अट होती. तेवढे लोक जमले नाहीत आणि रँकर झाला नाही. तेव्हा बरेच जण कंपनीवर चिडले. मी रोज साच्यांची अंदाजपत्रकं करते, म्हणून मला तो आकडा वेगळा दिसला. मोठ्या खेळण्याचे सुटे भाग खूप, आणि प्रत्येक भागासाठी पोलाद कापायचं, स्पार्क मशीनवर बारकावे उतरवायचे, चाचण्या घ्यायच्या, चूक निघाली तर वेल्डिंग करून पुन्हा कापायचं. हा खर्च पहिला नग निघायच्या आधीच झालेला असतो. तो पाच हजारांत वाटायचा की नऊ हजारांत, यावर नगाची किंमत ठरते. त्या अटीमागे हे गणित असतं. रँकर किमतीला महाग आणि सोबत फारसं काही नाही, हे लोकांचं म्हणणंही रास्त होतं. दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात, आणि साचा समजून घेतला तर आपली तक्रार अधिक नेमकी होईल.

दुसरी घडामोड खोक्याच्या खिडकीची. हॅस्ब्रोने वेष्टनातलं प्लास्टिक काढून टाकायचं ठरवलं आणि मार्व्हल लेजंड्स, ब्लॅक सीरिजची खोकी बंद पुठ्ठ्याची झाली. फिगर दिसेना. चेहऱ्याचं छपाईकाम नीट आहे का, डोळे तिरळे तर नाहीत, हे दुकानात पाहता येईना. त्याहून वाईट म्हणजे काही लोक आतली फिगर काढून, जुनं काहीतरी भरून खोकं दुकानात परत करू लागले, आणि ते पुढच्या मुलाच्या हाती पडू लागलं. तक्रारी वाढल्या. २०२३ मध्ये कंपनीने खिडकी परत आणत असल्याचं जाहीर केलं. संग्राहकांनी मागणी लावून धरली आणि ती मान्य झाली, याचा मला आनंद आहे. मात्र माझ्याच माळ्यावर जुन्या खिडक्यांची, प्लास्टिकच्या कोंदणांची तीन पोती पडली आहेत. कंपनीचा पहिला हेतू चुकीचा नव्हता. खिडकी परत मागितली आहे, तर त्या पोत्यांचं काय करायचं हेही आपल्यालाच पाहावं लागेल. हे प्लास्टिक घेणाऱ्या पुनर्वापर केंद्राशी मी बोलणी सुरू केली आहेत, उद्याच्या सत्रात तपशील देईन.

करांबद्दल थोडक्यात सांगते. आपल्या सरकारने २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क वीस टक्क्यांवरून साठ केलं, २०२३ मध्ये ते सत्तर झालं. १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे. अमेरिकेने २०२५ च्या एप्रिलमध्ये चिनी मालावरचं शुल्क १४५ टक्क्यांपर्यंत नेलं आणि महिनाभरात खाली आणलं. तिथली बहुतांश खेळणी चीनमध्ये बनतात, त्यामुळे आगाऊ नोंदणीचं वेळापत्रक कोलमडलं. आपल्या किमतींवर याचा परिणाम होतो आहे. पण देशात साचे करणारे हात आहेत, उत्तम टूल रूम आहेत. मराठी मातीतल्या पात्रांची, चांगल्या सांध्यांची फिगर इथे घडू शकते, हे मी कारागीर म्हणून जबाबदारीने सांगते.

आणि २०२४ ची ती बातमी. ‘स्टार वॉर्स’मधला रॉकेट उडवणारा बोबा फेट, केनरचा हाताने रंगवलेला नमुना, लिलावात सव्वापाच लाख डॉलरला गेला. वर्तमानपत्रांनी फक्त आकडा छापला. मला त्यामागची गोष्ट महत्त्वाची वाटते. १९७९ मध्ये टपालाने देण्यासाठी ही फिगर ठरली होती. दुसऱ्या एका कंपनीच्या खेळण्यातून सुटलेलं क्षेपणास्त्र घशात अडकून एक मूल दगावलं, आणि केनरने रॉकेट उडवायची योजना रद्द केली. रॉकेट उडवणारी फिगर विकलीच गेली नाही. उरले ते कारखान्यातले नमुने. कळ अडकवायची खाच कधी एका आकाराची, कधी दुसऱ्या, यावरून कुठला नमुना आधीचा आणि कुठला नंतरचा, हे आज सांगता येतं. सांगता येतं, कारण केनरच्या माणसांनी ते तुकडे सांभाळले आणि संग्राहकांनी त्या माणसांना शोधून, त्यांच्याशी बोलून सगळं टिपून ठेवलं. ती टिपणं नसती तर तो नमुना एक जुनं प्लास्टिक ठरला असता. नकली माल ओळखायचा तोही अशाच टिपणांच्या आधारे.

गोव्यातही असे नमुने असतील. रंग ठरवण्यासाठी काढलेले पहिले नग, नाकारलेली डोकी, कुणीतरी मुलासाठी खिशात घालून घरी नेलेला एखादा पाय. एखाद्या घरातल्या शोकेसमध्ये, गणपतीच्या जुन्या फोटोशेजारी, त्यांतलं काहीतरी उभं असेल. ते विकत घ्यायला जाऊ नका. आधी गोष्ट ऐका, नाव विचारून लिहून घ्या, वस्तू त्यांच्याकडेच राहू द्या आणि परवानगीने फोटो काढा. माझी ही विनंती कळकळीची आहे. आपल्यातला एखादा उत्साही माणूस कवडीमोलाने ती वस्तू उचलून आणेल, आणि पुढची दहा दारं आपल्यासाठी बंद होतील.

येत्या फेब्रुवारीत मी चार दिवसांची रजा काढून गोव्याला जाणार आहे. रेकॉर्डर घेतला आहे. सोबत यायचं असेल त्यांनी चहाच्या वेळी मला भेटावं. कोकणी बोलणारं कुणी असेल तर आधी भेटावं.

सभागृहाच्या दाराशी, नोंदणीच्या टेबलावर, एक दोनशे पानी वही ठेवली आहे. प्रत्येकाने आपल्याकडच्या एका भारतीय बनावटीच्या फिगरची नोंद त्यात करावी. फिगर कोणती, कुठल्या गावात, कुठल्या दुकानातून, कुणी आणली, किती साली, किती रुपयांना, काय तुटलं, कुणी दुरुस्त केलं. पहिली नोंद मी सकाळी केली आहे. बीच हेड, फनस्कूल. पुणे, लक्ष्मी रस्ता, दिवाळी. आणणारे वडील. अंगठा तुटला, ओ-रिंग दोनदा बदलली, पहिल्यांदा वडिलांनी, दुसऱ्यांदा मी. किमतीचा रकाना मोकळा ठेवला आहे. वडील आता नाहीत. दादा नाशिकला असतो, आज रात्री त्याला फोन करून विचारणार आहे.