युरियाच्या गोणीतला वायू
(जिल्हा बैठकीतील भाषण)



युरियाच्या गोणीवर '४६ टक्के नत्र' छापलेले असते. कृषी महाविद्यालयात आम्ही हा आकडा पाठ केला. नत्र गोणीत शिरते कसे, हे मात्र कोणी धड सांगितले नाही. म्हणून आज कारखान्यात जाऊ.

नत्र हवेतले, फुकटचे. महाग पडतो तो हायड्रोजन, आणि तो काढतात नैसर्गिक वायूतून. अलिबागजवळचा थळचा कारखाना मुंबई हायच्या वायूवरच उभा राहिला. वायूतला मिथेन मोठा हट्टी, सहजासहजी फुटत नाही. निकेल भरलेल्या नळ्यांतून वाफेबरोबर ८०० अंशांच्या आसपास नेला, की हायड्रोजन सोडतो. निकेल स्वतः खर्ची पडत नाही, फक्त जुळवून देते. याला उत्प्रेरक म्हणायचे. आपल्याकडचा लग्न जुळवणारा निदान आहेर तरी घेतो! पण वायूत गंधकाचा अंश राहिला तरी निकेल निकामी होते, म्हणून आधी झिंक ऑक्साइडवरून वायू नेऊन गंधक काढावे लागते.

मग हायड्रोजन आणि नत्र प्रचंड दाबाखाली लोखंडाच्या उत्प्रेरकावर एकत्र आणले, की अमोनिया. हे लोखंड सापडायला जर्मनीत मिटाशच्या मंडळींनी हजारो मिश्रणे तपासली. १९१३ साली ओपाऊला कारखाना सुरू झाला. मिथेनमधला कार्बन शेवटी कार्बन डायऑक्साइड होतो, तोच अमोनियाशी जोडला की युरिया.

म्हणजे वायू हाच कच्चा माल आणि हेच सरपण. २०२२ साली वायूचे भाव भडकले तेव्हा युरोपातल्या खत कारखान्यांनी उत्पादन घटवले. आपला वायू पुरत नाही, जहाजाने आणावा लागतो. गोणीचा भाव सरकारने बांधलेला. वरचा फरक कारखान्याला मिळतो, अन् जमाखर्चात नाव लागते शेतकऱ्याचे! शेतमालाचे भाव पाडून जे घेतले, ते त्या वहीत कुठेच दिसत नाही. २०१८ पासून गोणीही ५० ऐवजी ४५ किलोची झाली.

आता आपल्या बांधाकडे बघू. एवढ्या खटाटोपाने बांधलेले नत्र आपण भाताच्या साचलेल्या पाण्यात फेकतो. निम्म्याहून अधिक पिकाच्या मुळाशी पोचतच नाही. बरेचसे अमोनिया होऊन परत हवेत. यात सरकारचा दोष नाही, आपलाच आहे.

पुढच्या बैठकीला येताना एकरी किती गोण्या टाकल्या आणि किती क्विंटल भात झाला, हे दोन्ही आकडे वहीत लिहून आणा.