कुत्र्याची जात आणि कुत्र्याचा स्वभाव

बुलढाणा जिल्ह्यांतील मोताळा तालुक्यांत धामणगांव बढे हें गांव आहे. भोंवतीं कपाशीचीं शेतें, जवळच अजिंठ्याची डोंगररांग. अशा गांवीं सायंकाळीं चार माणसें पारावर जमलीं म्हणजे पाऊसपाणी आणि बाजारभाव यांच्या मागोमाग कुत्र्यांचाही विषय निघाल्यावांचून राहत नाहीं. मेंढपाळ म्हणतो, मेंढरांमागें वाढलेल्या कुत्र्यासारखा इमानी प्राणी दुसरा नाहीं; लांडगा आला तरी तो कळप सोडणार नाहीं. शेतकरी म्हणतो, गांवठी कुत्राच खरा. भाकरीच्या तुकड्यावर राहतो आणि रात्रीं रानडुकरांची चाहूल सर्वांच्या आधीं त्यालाच लागते. सुटींत पुण्याहून आलेला एखादा गृहस्थ अल्सेशियनची बुद्धि वाखाणतो, तर त्याचा धाकटा भाऊ डॉबरमन म्हणजे निव्वळ आग, असें बजावतो. शेवटीं प्रत्येकजण आपापल्या कुत्र्याची एकेक हकीकत पुरावा म्हणून पुढें करतो, आणि निकाल न लागतांच सभा उठते.

या साऱ्या वादांत एक गोष्ट मात्र सर्वांनीं गृहीत धरलेली असते. ती ही कीं, कुत्र्याची जात कळली म्हणजे त्याचा स्वभाव कळला. शहरांतील सुशिक्षित कुटुंबेंही पिलूं घेतांना हाच हिशेब मांडतात. मुलें लहान आहेत, तर लॅब्रॅडॉर घ्यावा. बंगल्यास राखण हवी, तर रॉटवायलर घ्यावा. जागा अपुरी आहे, तर पॉमेरेनियन बरा. हा हिशेब कितपत बरोबर आहे हें पाहणें अगत्याचें आहे. कारण तो चुकला तर त्याची किंमत त्या मुक्या जनावरास द्यावी लागते, आणि कधीं कधीं घरांतल्या लहान मुलासही.

कुत्र्यांच्या बहुतेक जातींचें मूळ शोधूं गेल्यास तेथें एखादें काम सांपडतें. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरील कोळ्यांना जाळीं ओढण्यास आणि निसटलेले मासे पाण्यांतून आणून देण्यास जे कुत्रे उपयोगी पडत, त्यांच्या वंशांतून पुढें इंग्लंडांत लॅब्रॅडॉर ही जात तयार झाली. त्याची पाण्याची आवड आणि वस्तु तोंडांत धरून आणण्याची हौस ही तेथूनच आलेली आहे. दिवाणखान्यांतील चप्पल तो पळवितो, त्यांत खोडीपेक्षां पूर्वजांचा वारसाच अधिक असतो. डॅक्सहुंडचे पाय आंखूड, कारण बिज्जूच्या बिळांत शिरून त्यास बाहेर काढणें हें त्याचें काम. जर्मनींतील आपोल्डा येथें करवसुलीचें काम करणाऱ्या डॉबरमन नांवाच्या गृहस्थानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत निर्भय आणि सावध कुत्र्यांची जी पैदास केली, तिला त्याचेंच नांव मिळालें. त्याच देशांत माक्स फॉन स्टेफानिट्स या घोडदळांतील अधिकाऱ्यानें मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांतून एक जात निवडून काढली आणि १८९९ सालीं तिच्यासाठीं संस्था स्थापन केली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन नांव नको म्हणून इंग्रजांनीं त्या कुत्र्यास अल्सेशियन म्हटलें, आणि आपल्याकडेही तेंच नांव रूढ झालें. म्हणजे पारावर पुणेकर गृहस्थ ज्याची थोरवी गातो तो अल्सेशियन आणि शेजारीं बसलेल्या मेंढपाळाचा कुत्रा हे मूळचे एकाच धंद्यांतले!

याच गोष्टीचें उदाहरण महाराष्ट्रांतही आहे. सोलापूर, लातूर, सांगली या भागांत कारवानी कुत्रा पिढ्यान्पिढ्या पाळला जातो. सडपातळ बांधा, खोल छाती, आंत ओढलेलें पोट आणि लांब पाय अशी त्याची ठेवण असते. वासापेक्षां नजरेनें सावज हेरावें आणि मोकळ्या माळावर धांवून तें गांठावें, हें त्याचें काम. कानांवर लांब केस असलेल्या कुत्र्यास पश्मी म्हणतात. कर्नाटकांत त्याचा सख्खा भाऊबंद मुधोळ या नांवानें प्रसिद्ध आहे. मुधोळच्या घोरपडे राजांनीं त्याच्या पैदाशीस आश्रय दिला आणि बादशहा पंचम जॉर्ज यांना त्याची जोडी भेट दिली. २००५ सालीं भारताच्या टपाल तिकिटावर मुधोळ कुत्रा झळकला, आणि २०१६ सालीं त्याचीं पिलें मीरत येथील लष्करी केंद्रांत शिक्षणासाठीं नेण्यांत आलीं. ही कीर्ति ऐकून शहरांत जो कोणी हा कुत्रा घेतो, त्याला त्याचा स्वभाव लवकरच उमगतो. धन्यावर त्याचा जीव असतो, पण परक्यानें अंगास हात लावलेला त्याला खपत नाहीं. मांजर धांवतांना दिसलें कीं हांक ऐकूं येईनाशी होते. माळरानावर जो गुण होता, तोच दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत अवगुण ठरतो. कुत्रा मात्र दोन्हीकडे तोच असतो.

गांवठी कुत्र्यास प्रदर्शनांत स्थान नाहीं. पण तो बिघडलेल्या जातींचा संकर नव्हे. माणसाच्या वस्तीजवळ हजारों वर्षें मोकळेपणीं वाढलेला हा जुना वंश आहे. त्याची निवड माणसानें केली नाहीं. उन्हानें, उपासमारीनें आणि रोगराईनें केली. थोडक्यावर भागविणें, सावध राहणें आणि अनोळखी माणसापासून अंतर ठेवणें हे गुण त्याच्या अंगीं आले ते याच शाळेंत.

एवढें ऐकून पारावरील मंडळी म्हणतील, मग जातीवरून स्वभाव ठरतो हेंच खरें! पण येथें शास्त्रज्ञ थांबावयास सांगतात. ‘सायन्स’ या अमेरिकन नियतकालिकांत २०२२ सालीं एक मोठें संशोधन प्रसिद्ध झालें. त्यांत १८,३८५ कुत्र्यांच्या वागणुकीची माहिती त्यांच्या मालकांकडून घेण्यांत आली, आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी झाली. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागणुकींत जो फरक दिसतो, त्यापैकीं शेंकडा सुमारें ९ इतकाच भाग जातीवरून उलगडतो, असें त्यांत आढळलें. माणसाच्या सूचनेप्रमाणें वागण्याची तयारी यासारख्या गुणांत जातीचा वांटा कांहींसा अधिक दिसला. पण भीति वाटली असतां कुत्रा किती लवकर चवताळतो, हें त्याच्या जातीवरून जवळजवळ सांगतांच येत नाहीं. रूप जातीवरून ओळखतां येतें, कामाकडील ओढाही थोडाफार ओळखतां येतो. परंतु हा एक कुत्रा आपल्या घरांत कसा वागेल, हें वंशावळीच्या कागदावर लिहिलेलें नसतें.

तें लिहिलें जातें पिलाच्या पहिल्या कांहीं आठवड्यांत. अमेरिकेंत बार हार्बर येथें स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनीं अनेक वर्षें प्रयोग करून १९६५ सालीं त्यांवर ग्रंथ लिहिला. तिसऱ्या आठवड्यापासून सुमारें बाराव्या आठवड्यापर्यंत पिलूं आपलें कोण आणि परकें कोण हें शिकतें, असें त्यांना दिसून आलें. या काळांत ज्या पिलास माणसाचा सहवास मिळाला नाहीं, तें पुढें माणसास भिऊं लागतें. आणि भ्यालेला कुत्रा चावतो. उलट, चार आठवड्यांचें पिलूं आईपासून तोडून आणणेंही तितकेंच वाईट. आईच्या आणि भावंडांच्या संगतींत चावा किती जोराचा घ्यावा, याचा धडा त्याला मिळत असतो. त्यापुढचा भाग धन्याच्या हातीं असतो. दिवसभर साखळीस बांधलेला, न फिरविलेला आणि काठीनें शिकविलेला लॅब्रॅडॉरही अंगावर येऊं शकतो. आणि ज्याच्या जातीचें नांव ऐकून शेजारी दार लावतात, असा कुत्रा नीट वाढविला तर म्हाताऱ्या आजीच्या पायाशीं निजतो.

जातीच्या नांवावर भिस्त ठेवण्याची अडचण सरकारासही जाणवली आहे. मार्च २०२४ मध्यें केंद्र सरकारनें हिंस्र म्हणून २३ जातींची यादी करून त्या पाळण्यास बंदी घालण्याविषयीं राज्यांना पत्र लिहिलें. पुढच्याच महिन्यांत कर्नाटकच्या उच्च न्यायालयानें तें पत्र रद्द ठरविलें. चावऱ्या कुत्र्यांपासून लोकांचें रक्षण झालें पाहिजे यांत शंका नाहीं. परंतु यादींतील नांव टाळलें म्हणून घर सुरक्षित झालें, असें कोणीही समजूं नये. कुत्रा कोणत्याही जातीचा असो, त्याला पिसाळरोगाची लस वेळच्या वेळीं टोंचलीच पाहिजे. चावा लागल्यास जखम वाहत्या पाण्यानें आणि साबणानें पंधरा मिनिटें धुऊन तात्काळ दवाखाना गांठावा. या रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं रोगी बहुधा वांचत नाहीं. हळद-चुना लावून वाट पाहणें म्हणजे जिवाशीं खेळ होय.

म्हणून पिलूं घरीं आणण्यापूर्वीं कुटुंबानें जातीआधीं दुसरे प्रश्न विचारावेत. पहांटे आणि संध्याकाळीं त्याला फिरवून कोण आणणार? घरांतील माणसें कामावर गेलीं म्हणजे तो कोणाजवळ राहणार? वैशाखांत दाट केसांच्या कुत्र्याची काय सोय? दहा-बारा वर्षें त्याचें खाणेंपिणें आणि औषधपाणी करण्याची तयारी आहे काय? या प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं तर दारांतलें गांवठी पिलूंही घरचें भूषण ठरेल. तीं न मिळाल्यास हजारों रुपयांचा कुत्रा वर्षभरांत कोठेंतरी रस्त्यावर सोडला जातो. आणि घरांत वाढलेल्या त्या जिवास रस्त्यावर जगण्याची विद्या मुळींच ठाऊक नसते.

महाभारतांतील धर्मराजानें सोबत आलेल्या कुत्र्यास टाकून स्वर्गांत जाण्याचें नाकारलें, ही कथा घरोघरीं मुलांना सांगितली जाते. तो कुत्रा कोणत्या जातीचा होता, हें कथाकारानें सांगितलेलें नाहीं, आणि इतक्या पिढ्यांत ऐकणाऱ्या एकाही मुलानें तें विचारल्याचें ऐकिवांत नाहीं.