तीच तारीख, तीच जागा

पालघरकर मंडळी, आणि बोईसर, तारापूर, चिंचणीहून दिवसभराचं काम आटोपून शटलनं आलेले माझे मित्र,

आज येताना पाचबत्तीच्या चौकात जरा वेळ उभा राहिलो. ज्या पाच हुतात्म्यांची आठवण तो चौक जपतो, त्यांच्यापासूनच मला विषयाची सुरुवात करायची होती.

14 ऑगस्ट 1942. 'चले जाव'चा ठराव होऊन आठवडाही उलटला नव्हता. गावोगावची माणसं मोर्चानं पालघरच्या मामलेदार कचेरीवर निघाली आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, पालघरचे रामचंद्र भीमाशंकर तिवारी, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी आणि सालवडचे सुकुर गोविंद मोरे. पाच गावांतले पाच जण गेले. पुढे बरोबर पाच वर्षांनी, 14 ऑगस्टच्याच रात्री, दिल्लीत संविधान सभा भरली आणि मध्यरात्री देश स्वतंत्र झाला. पालघरच्या गोळीबाराच्या दुसऱ्याच दिवशी, 15 ऑगस्ट 1942 ला, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई स्थानबद्धतेत वारले. त्यांच्या मृत्यूलाही स्वातंत्र्याच्या दिवशी नेमकी पाच वर्षं झाली.

हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. अजूनही येतो. पण स्वातंत्र्याची तारीख ठरवणाऱ्या माउंटबॅटन यांच्या मनात पालघर नव्हतं, जपानच्या शरणागतीचा दुसरा वर्धापनदिन होता. योगायोग खरा आहे, त्यामागे कुणाची योजना नाही. तरीही 'तीच तारीख' म्हटल्यावर आतून काहीतरी हलतं. म्हणून मी स्वतःलाच विचारलं, 'तीच तारीख' म्हणजे नक्की काय परत येतं?

परत येते ती पृथ्वी. सूर्याभोवती फेरी पुरी करून ती जवळपास त्याच ठिकाणी पोचते आणि आपण कॅलेंडरवर 14 ऑगस्ट म्हणतो. तिचा वेग सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर आहे. हा आकडा पुस्तकात वाचून मनात उतरत नाही, म्हणून शटलमध्ये बसून त्याचा विचार करा. पालघरहून गाडी सुटते, उमरोळी जातं, दहाएक मिनिटांत बोईसर येतं. तेवढ्या वेळात पृथ्वी 18,000 किलोमीटर पुढे गेलेली असते. पृथ्वीचा व्यास 12,742 किलोमीटर आहे. म्हणजे तुम्ही बोईसरला उतरता तेव्हा, पालघरला चढताना अख्खी पृथ्वी अवकाशात जिथे होती तिथून ती पूर्ण बाहेर पडलेली असते. ती जुनी जागा आता रिकामी आहे.

याच गाडीत घोलवडचा एक चिकू वीतभर-दोन वीत वर उडवून झेला. तो तुमच्याच हातात पडतो, मागच्या बाकावर जात नाही, कारण गाडीचा वेग त्याच्या अंगात आधीच भरलेला असतो. तो हातातून सुटून हातात येईपर्यंत अर्धा-पाऊण सेकंद जातो, आणि तेवढ्यात पृथ्वी वीसेक किलोमीटर, म्हणजे पालघरपासून जवळजवळ वाणगावपर्यंतचं अंतर कापते. चिकूला त्याची दाद नाही, आपल्यालाही नाही. वेग एकसारखा असेल तर तो अंगाला कळत नाही, अंगाला कळतो तो बदल, ब्रेक लागल्यावरचा. आपली गती आपल्याला बाहेरच्या वस्तूंत दिसते, हे आपल्या देशात आर्यभटानं सन 499 च्या सुमारास, पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याबद्दल बोलताना, होडीचा दाखला देऊन मांडलं. पुढे जाणाऱ्या होडीतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. सातपाटीच्या बंदरातून पहाटे बोट काढणाऱ्या माणसाला यात नवल वाटणार नाही. तो रोज ते बघतो.

आणि हा वेग काहीच नव्हे. सूर्य आपल्या सगळ्यांना घेऊन आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला सुमारे 220 किलोमीटर वेगानं निघालेला आहे. वर्षाला जवळपास 700 कोटी किलोमीटर होतात. म्हणजे 1942 चा 14 ऑगस्ट आणि 1947 चा 14 ऑगस्ट या दोन तारखांच्या मध्ये सुमारे 3,500 कोटी किलोमीटरचं अंतर पडलं होतं. पृथ्वी सूर्याजवळच्या आपल्या जागी परतली, पण सूर्यच तिथे राहिला नव्हता.

जमिनीचंही तेच. आपला भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. त्या पाच जणांचं रक्त ज्या जमिनीवर सांडलं, ती जमीन ऐंशीहून अधिक वर्षांत चार मीटरपेक्षा जास्त सरकली आहे. तरी आपण दर 14 ऑगस्टला बरोबर तिथेच जाऊन उभे राहतो, आणि ती जागा तीच असते. कारण तिच्याबरोबर आपणही सरकलो. अक्करपट्टी आणि पोफरणच्या माणसांना विचारा. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी त्यांना गावं सोडावी लागली. गावाची नावं त्यांनी सोबत नेली, समुद्र नेता आला नाही. जागा म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुठल्याही भौतिकशास्त्रज्ञाला कळलेलं नसेल असं मला वाटतं.

तारापूरचं नाव आलंच आहे, तर आता होमी भाभांकडे वळतो. ज्या माणसानं इथल्या अणुवीज केंद्राचा आग्रह धरला, त्याच्या मृत्यूची हकीकत योगायोगांच्या गोष्टींत फार सांगितली जाते.

3 नोव्हेंबर 1950 ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' नावाचं विमान जिनिव्हाकडे उतरत असताना आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. आतली 48 माणसं गेली. त्यांतली बहुतेक इंग्लंडमध्ये जहाजावर रुजू व्हायला निघालेली साधी खलाशी मंडळी होती. त्यानंतर 24 जानेवारी 1966 ला एअर इंडियाचंच 'कांचनजंगा' हे बोइंग 707 त्याच पर्वतावर, माथ्याजवळ, पहिल्या अपघाताच्या जागेपासून फार दूर नाही अशा ठिकाणी आदळलं. 117 माणसं गेली. त्यांत व्हिएन्नाच्या बैठकीला निघालेले भाभा होते. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींचा पंतप्रधानपदाचा शपथविधी झाला.

एकच कंपनी आणि एकच डोंगर. लोक यात नियती बघतात, कट बघतात. मला त्यात आधी वाट दिसते. पूर्वेकडून जिनिव्हाला उतरायचं तर मध्ये आल्प्सचं हे सर्वांत उंच शिखर उभं आहे, आणि भारतातून लंडनला जाणारी आपली विमानं जिनिव्हाला थांबत होती. दुसऱ्या अपघाताच्या चौकशीत जे कारण निघालं ते आजच्या विषयाच्या गाभ्याचं आहे. विमानातलं दिशा सांगणारं एक उपकरण बंद होतं. जमिनीवरून नियंत्रकानं रडारवर बघून विमानाची जागा तोंडी सांगितली, तीही बरोबर सांगितली. ऐकताना गैरसमज झाला. वैमानिकाला वाटलं, शिखर मागे पडलं. ते अजून पाच मैल पुढे होतं. आपण कुठे आहोत, एवढाच प्रश्न होता.

आणि 'तीच जागा'? त्या दोन अपघातांच्या मधल्या पंधरा वर्षांत माँ ब्लाँ पर्वत सूर्याच्या मागोमाग आकाशगंगेतून दहा हजार कोटी किलोमीटरहून अधिक वाटचाल करून गेला होता. तिथलं बर्फही जागेवर नव्हतं. बॉसाँ हिमनदी डोंगरावरून सावकाश खाली वाहते आणि दोन्ही विमानांचे अवशेष पोटात घेऊन येते. 2012 मध्ये तिच्यातून भारताच्या परराष्ट्र खात्याची टपालाची थैली निघाली. 2020 मध्ये बर्फ वितळून वर्तमानपत्रं निघाली, आणि इंदिरा गांधींच्या निवडीचे मथळे त्यांवर अजून वाचता येत होते. चोपन्न वर्षं एक ताजी बातमी डोंगर उतरत होती.

आता न जुळलेली एक गोष्ट सांगतो. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांनी व्यापारी तत्त्वावर वीज द्यायला सुरुवात केली ती 28 ऑक्टोबर 1969 ला. भाभांचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 चा. दोन दिवस उशीर झाला असता, तर ती तारीख त्यांच्या साठाव्या वाढदिवसाची ठरली असती आणि आपल्या तालुक्यात ती शाळेच्या पोरालाही पाठ असती. दोन दिवसांनी हुकली, म्हणून कुणी बोलत नाही. अशा हुकलेल्या तारखा अगणित असतात. जुळलेल्या तेवढ्याच आपण जपून ठेवतो. स्टीफन हॉकिंग गॅलिलिओच्या मृत्यूनंतर बरोबर तीनशे वर्षांनी, 8 जानेवारी 1942 ला जन्मले आणि आइन्स्टाइनच्या जन्मतारखेला, 14 मार्चला, गेले. त्यांनी स्वतःच जन्माच्या योगायोगाबद्दल लिहून ठेवलंय की त्या दिवशी जगात आणखी दोन लाख मुलं जन्मली असतील.

भाभांच्या मृत्यूबद्दल इतकं बोललं जातं, की त्यांनी केलेलं एक काम झाकून गेलंय. ते थेट गतीबद्दलचं आहे. अवकाशातून येणारे विश्वकिरण हवेच्या वरच्या थरांवर आदळतात आणि दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर एक अल्पायुषी कण जन्मतो. त्याला तेव्हा जड इलेक्ट्रॉन म्हणत, आज म्युऑन म्हणतात. त्याचं सरासरी आयुष्य सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यांतले जेमतेम दोन, नेमकं सांगायचं तर 2.2 मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगानं धावला तरी तेवढ्यात तो साडेसहाशे मीटर जाईल आणि वरच संपेल. पण जमिनीवर तर असे कण येतात. केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या तिशीच्या आतल्या भाभांनी 1938 साली 'नेचर'मध्ये लिहिलं की असा कण स्वतःच एक घड्याळ आहे, आणि सापेक्षतेप्रमाणे तो वेगात असताना त्याचं आयुष्य आपल्याला लांबलेलं दिसेल. प्रयोगानं त्याची खात्री पटायच्या आधी हे लिहिलं गेलं. 1940 मध्ये ब्रुनो रॉसी आणि हॉल यांनी कोलोरॅडोच्या डोंगरांत वेगवेगळ्या उंचीवर हे कण मोजले आणि आयुष्य लांबतं हे दिसून आलं. योगायोग घडून गेल्यावर जुळवला जातो. हे वाक्य आधी सांगून मग खरं ठरलं. मला भाभांचा सगळ्यात मोठा वारसा तिथे दिसतो, भट्टीच्या घुमटापेक्षाही.

एक योगायोग मात्र मी मनापासून मानतो. 1939 मध्ये भाभा सुट्टीसाठी भारतात आले आणि युरोपात महायुद्ध पेटलं. परतीची वाट बंद झाली. ते बंगळुरूला रामन यांच्या भौतिकशास्त्र विभागात थांबले, विश्वकिरणांवर काम करत राहिले, 1945 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली, आणि तिथून निघालेली वाट तारापूरच्या किनाऱ्यापर्यंत आली.

आता एक करा. तुमचा तळहात आडवा पुढे धरा, आकाशाकडे उघडा. मघाचे तेच म्युऑन हे छप्पर, हा पंखा ओलांडून दर सेकंदाला साधारण एक या हिशेबानं तुमच्या तळहातातून आरपार जात आहेत. आपण इथे बसल्यापासून प्रत्येकाच्या हातातून शेकडो गेले. धरून ठेवा हात थोडा वेळ.