अडते कोठे?

काशीचा भोसले घाट नागपूरकर भोसल्यांनी बांधला. तेथून गंगेच्या काठाने दक्षिणेस बरेच चालत गेले, की तुळशीघाट येतो. तेथील आखाड्यात गदा, जोडी आणि नाल ही जुनी साधने पाहावयास मिळतात. गदेचा भार दांड्याच्या टोकाशी एकवटलेला असतो. त्यामुळे मूठ थोडी खाली सरकली, तरी तीच गदा जड वाटते. वजन तेच, श्रम निराळे!

बारबेल उचलणाऱ्या तरुणाने हेच ध्यानी घ्यावे. आरंभी नुसते वजन वाढविल्याने शक्ती वाढते. पुढे ती अडते. मग तो रोज नवे प्रकार करू लागतो आणि थकतो मात्र. त्याने आधी अडते कोठे, ते पाहावे. स्क्वॉटमध्ये तळातून उठवत नसेल, तर वजन कमी करून तळाशी क्षणभर थांबावे. डेडलिफ्ट जमिनीवरूनच सुटत नसेल, तर पातळ फळीवर उभे राहून उचलावे. गुडघ्यापाशी अडत असेल, तर दांडा ठोकळ्यांवर ठेवून तेथून उचलावा. एका वेळी एकच फरक करावा आणि तो काही आठवडे टिकवावा.

अखेर मूळ उचल वाढली काय, हाच प्रश्न. ती वाढली नाही, तर तो प्रकार कितीही कठीण असो, सोडून देणेच श्रेयस्कर.