अवघड दुखण्याचे मोजमाप

काही दुखणी सोसणे माणसाला सोपे वाटते, सांगणे मात्र अवघड जाते. लघवीची एकाएकी अनावर घाई होणे हे त्यांपैकीच एक. तिच्या जोडीला बहुधा दिवसा वारंवार खेपा व रात्रीचे जागरण येते. कित्येकांना तर वाटेतच लघवी होते. जंतुसंसर्ग किंवा दुसरे उघड कारण नसता ही लक्षणे आढळली, म्हणजे त्यांस ‘अतिक्रियाशील मूत्राशय’ म्हणतात. ही घाई क्ष-किरणांत दिसत नाही. ती रोग्यालाच ठाऊक. म्हणून तिचे माप प्रश्न विचारूनच घ्यावे लागते.

जपानमध्ये होम्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेली प्रश्नावली अगदी आटोपशीर आहे. प्रश्न चारच, एकूण गुण १५. दिवसाच्या खेपांना फार तर २ गुण, रात्रीच्या खेपांना ३. घाई आणि घाईने होणारी गळती यांना मात्र प्रत्येकी ५. मुख्य लक्षण कोणते, हे या वाटणीतच स्पष्ट होते. बेरीज ५ पर्यंत असल्यास विकार सौम्य, ६ ते ११ मध्यम आणि १२ पासून पुढे तीव्र समजतात.

अमेरिकेत कॉइन व सहकाऱ्यांनी २००२ साली मांडलेली प्रश्नावली ३३ प्रश्नांची आहे. पहिले ८ प्रश्न लक्षणांचा जाच किती, हे विचारतात. उरलेले २५ झोप, चिंता, लोकांतील वावर आणि रोग्याने स्वतःला घालून घेतलेली बंधने यांविषयी आहेत.

दोन स्त्रियांची कल्पना करावी. दोघींचे जपानी गुण ८ च. एकीचे काम घरातले. दुसरीला रोज दोन तास एस. टी. चा प्रवास. पहिली निभावून नेते. दुसरी सकाळपासून पाण्याला शिवत नाही. हा भेद छोट्या प्रश्नावलीत उमटत नाही, मोठीत उमटतो. मात्र औषधाने घाई कमी झाली की नाही, हे दर भेटीत पाहावयाचे तर चार प्रश्नच सोयीचे. ब्रिस्टल येथील चार प्रश्नांच्या प्रश्नावलीने मधला मार्ग काढला आहे: प्रत्येक लक्षणापाठोपाठ त्याचा त्रास ० ते १० या मापाने विचारला जातो.

अर्थात गुण म्हणजे निदान नव्हे. मधुमेह, मुतखडा, जंतुसंसर्ग यांची तपासणी वैद्यानेच करावयाची. परंतु जो प्रश्न तोंडाने विचारणे वैद्यास आणि सांगणे रोग्यास जड जाते, तो कागद निःसंकोचपणे विचारतो. उत्तरापुढे खूण केली, की पुष्कळ दिवसांचे मौन सुटते; उपचाराचा आरंभही तेथूनच होतो.