विजेचा हातब्रेक आणि आडवाटेची मोटार

चालती मोटार थांबविणें आणि थांबलेली मोटार जागच्या जागीं धरून ठेवणें हीं दोन कामें वरवर एकच वाटलीं तरी मुळांत भिन्न आहेत. पहिलें काम पायाखालच्या ब्रेकचें; तें कांहीं क्षणांत संपतें आणि त्या वेळीं चालक जागेवर बसलेला असतो. दुसरें काम हातब्रेकचें; तें तासन्‌तास, कित्येकदां रात्रभर चालतें, आणि तें चालूं असतां गाडींत बहुधा कोणीच नसतें. शहरांतल्या सपाट रस्त्यावर हें दुसरें काम इतकें सोपें असतें कीं तिकडे आपलें लक्षहि जात नाहीं. परंतु तीच गाडी डोंगराच्या उतरणीवर, सुट्या मुरमावर किंवा नदीच्या चिखलट कांठावर उभी केली, म्हणजे तिचें दोन-अडीच टन वजन कोणत्या आधारावर तोललेलें आहे हा प्रश्न जिवाशीं येतो.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या आधाराचें रूप पालटलें. दोन बैठकांमधला दांडा गेला आणि त्याच्या जागीं बोटानें ओढावयाची एक लहानशी कळ आली. २००१ च्या सुमारास युरोपांतील मोठ्या मोटारींत ही कळ दिसूं लागली. २००४ सालीं लँड रोव्हर कंपनीनें डिस्कव्हरीच्या तिसऱ्या आवृत्तींत ती बसविली, आणि आडवाटेनें गाड्या नेणाऱ्या मंडळींत एक वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाहीं. भरंवसा विजेवर ठेवावा कीं आपल्या हातावर, असा तो वाद साधारणपणें मांडतात. मला ही मांडणीच पटत नाहीं. कां, तें सांगण्यासाठीं आधीं जुन्या दांड्याकडे थोडें वळूं.

दुसऱ्या महायुद्धांतील विलीज जीप आणि १९४८ सालीं निघालेली पहिली लँड रोव्हर, या दोहींतहि हातब्रेक चाकांवर नव्हता. गिअरच्या पेटीतून मागें जाणाऱ्या दांड्यावर तो होता. दांडा आवळला कीं चाकें आपोआप अडत. रचना साधी आणि चिखलापासून बरीच दूर. पण ती निर्दोष होती असें कोणीं समजूं नये. अशा गाडीचें मागचें एक चाक जॅकनें उचललें, तर डिफरन्शियलमुळें तें अधांतरीं चाक उलट फिरूं लागे, जमिनीवरचें चाक मोकळें होई, आणि हातब्रेक ओढलेला असूनहि गाडी जॅकवरून घसरूं शके. तेव्हां जुनें तें सर्व सोनें, ही समजूत येथेंहि उपयोगी नाहीं.

मात्र जुन्या दांड्याच्या अंगीं एक गुण होता, आणि माझ्या मतें सगळ्या वादाचें मर्म त्यांत आहे. दांडा बोलत असे. ब्रेक नवा असतां तो चार-पांच 'कट्‌कट्' आवाजांत घट्ट होई. लायनर झिजले कीं सात-आठ लागत. तार सैलावली कीं तो छातीपर्यंत वर येई. ही वार्ता चालकाला न मागतां, दररोज, तळहातांतून कळे. विजेच्या कळेनें नेमकी हीच वार्ता बंद केली. लायनर कोरा असो वा संपत आलेला असो, कळ तितक्याच हलकेपणानें ओढली जाते आणि तोच तांबडा दिवा लागतो. पुढें ज्या तक्रारी मी सांगणार आहें त्यांतील पुष्कळशांचें मूळ विजेंत सांपडत नाहीं. तें या मुकेपणांत सांपडतें.

विजेचा हातब्रेक मुख्यतः दोन तऱ्हांचा असतो. पहिल्या तऱ्हेंत गाडीच्या पोटाखालीं एक मोटरची पेटी असते आणि तिच्यांतून निघालेल्या दोन तारा मागच्या दोन चाकांकडे जातात. कळ ओढली कीं ती पेटी तारा ओढते. म्हणजे माणसाच्या हाताचें काम मोटरनें घेतलें, बाकीचा संसार जुनाच राहिला. डिस्कव्हरीची ही तिसरी आवृत्ति या तऱ्हेची आहे. दुसऱ्या तऱ्हेंत तारा नाहींत. प्रत्येक मागच्या ब्रेकच्या पाठीवरच एक लहान मोटर बसविलेली असते. ती दांत्यांच्या साहाय्यानें एक स्क्रू फिरविते, स्क्रू पिस्टनला रेटतो आणि पॅड डिस्कवर आवळले जातात. २०२० मध्यें बाजारांत आलेल्या नव्या डिफेंडरला हीच रचना आहे.

येथें एक सार्वत्रिक भीति दूर केली पाहिजे. 'बॅटरी उतरली तर गाडी घसरेल' असें पुष्कळांस वाटतें. तसें होत नाहीं. वीज लागते ती आवळण्यास आणि सोडण्यास. आवळलेलें धरून ठेवण्यास लागत नाहीं. स्क्रूचे आटे असे असतात कीं मागून कितीहि दाब आला तरी ते आपण होऊन फिरत नाहींत. खरी अडचण उलट आहे: वीज गेली तर गाडी घट्ट धरलेलीच राहते, आणि जंगलांत, अंधारांत, पाणी चढत असलेल्या पात्रांत ही गोष्ट घसरण्याइतकीच घातक होऊं शकते.

आतां डिस्कव्हरीचें उदाहरण जरा तपशिलानें पाहूं, कारण आडवाटेवर हातब्रेक कसा बिघडतो याचा इतका उघड पाठ दुसरीकडे क्वचितच मिळेल. या गाडीच्या मागच्या डिस्कच्या पोटांत एक लहान ड्रम दडविलेला आहे आणि त्या ड्रमांत हातब्रेकचे दोन अर्धगोल शू बसतात. कंपनीनें या गाडीला ७०० मिलिमीटर खोल पाण्यांतून जाण्याची मुभा दिली आहे. म्हणजे चाक जवळजवळ सबंध बुडतें. त्या पाण्याबरोबर रेती आणि गाळ ड्रमांत शिरतो. पाणी निथळतें, गाळ राहतो. वाळून त्याची भुकटी होते आणि ती लायनर खात बसते. हे शू झिजतील तसे आपोआप पुढें सरकत नाहींत, त्यामुळें शू आणि ड्रम यांतली फट वाढत जाते. पोटाखालच्या पेटीला तार अधिकाधिक लांब ओढावी लागते. अखेर एके दिवशीं ती आपल्या मर्यादेशीं येऊन ठेपते, मागच्या बाजूनें कानठळ्या बसविणारा कर्कश आवाज येतो आणि चालकापुढें बिघाडाचा इशारा उमटतो.

येथवर आल्यावर बहुतेक लोक एकच निष्कर्ष काढतात: विजेची पेटी गेली. महागडी नवी पेटी बसते, ड्रममधली फट तशीच राहते, आणि कांहीं महिन्यांनीं तोच आवाज पुन्हां ऐकूं येतो. कर्कश ओरड पेटीची असते हें खरें. पण दुखणें शूचें असतें. दांडा असता तर तो वर-वर येऊं लागला त्याच आठवड्यांत हें ध्यानांत आलें असतें.

उपाय मात्र आजोबांच्या वेळचाच आहे. चाक उतरावयाचें, डिस्कला असलेल्या भोंकांतून आंतली दातेरी चाकी फिरवून शू इतके पसरावयाचे कीं डिस्क हातानें फिरेनाशी होईल, मग ती मोकळी फिरेपर्यंत चाकी कांहीं दांते मागें घ्यावयाची. दोन्ही बाजूंना सारखें. हें काम जाणत्या मिस्त्रीला अवघड नाहीं. पण घाईनें एक बाजू घट्ट व दुसरी सैल ठेवली तर सारा भार एका तारेवर पडतो. नवे शू बसविले असतील तर ते ड्रमशीं जुळवूनहि घ्यावे लागतात. ताशीं तीस-पस्तीस किलोमीटरच्या बेताच्या वेगावरून, मध्यें ड्रम निवण्यास अवसर देत, ठरलेल्या विधीनें पुनःपुन्हां हातब्रेकनेंच गाडी थांबवावयाची असते. उभ्या गाडीवरच वापरला जाणारा शू कधीं घासला न गेल्यानें गुळगुळीत राहतो आणि उतारावर नीट धरीत नाहीं. म्हणून हा खटाटोप. तो टाळण्याकडे पुष्कळ कारखान्यांचा कल असतो, हें सांगणें भाग आहे.

दुसऱ्या तऱ्हेच्या ब्रेकला ड्रमचा हा रोग नाहीं. त्याचें दुखणें निराळें. कॅलिपर ज्या खिळ्यांवर सरकतो ते चिखलानें व गंजानें धरले, कीं मोटरची शक्ति पॅड दाबण्याऐवजीं खिळ्यांशीं झगडण्यांत जाते. नियंत्रक यंत्र मोटरनें किती वीज ओढली यावरून दाबाचा अंदाज बांधतें. खिळे अडकल्यानें वीज अधिक लागली, तर पॅड पुरेसे आवळले असा त्याचा समज होऊं शकतो. शिवाय पाणी. उतरण उतरून तापलेला ब्रेक एकदम थंड ओढ्यांत शिरला, कीं मोटरच्या डबीतील हवा आकसते, आणि रबरी कडें जुनें झालें असेल तर तेथून पाणी आंत खेंचलें जातें. तारांच्या जोडावर हिरवट गंज चढतो तोहि असाच. म्हणून खोल पाण्यापूर्वीं ब्रेक थोडे निवूं द्यावे, आणि पाण्याबाहेर आल्यावर पायाचा ब्रेक हलकेच दाबीत कांहीं अंतर जावें.

मागचे पॅड बदलतांना या तऱ्हेंत एक विशेष सावधगिरी लागते. आधीं यंत्राला 'दुरुस्तीच्या स्थितींत' नेऊन स्क्रू मागें घ्यावा लागतो. तसें न करतां जुन्या संवयीनें शिकंजा लावून पिस्टन रेटला, तर आंतला स्क्रू किंवा दांते मोडतात. नेहमींच्या मिस्त्रीकडे त्यासाठीं लागणारें यंत्र आहे काय, हें पॅड उघडण्यापूर्वीं विचारावें; उघडल्यावर विचारण्यांत अर्थ नाहीं.

न्यायासाठीं विजेची एक बाजूहि सांगितली पाहिजे. तापलेली डिस्क निवतांना आकसते आणि आवळण थोडी ढिली पडते. दांड्याच्या गाडींत हें चालकानें ओळखून एक 'कट्' अधिक ओढावा लागे. विजेच्या पुष्कळ ब्रेकांत नियंत्रक कांहीं मिनिटांनीं, गाडींत कोणी नसतांहि, पुन्हां एकदां आवळून घेतो. विसराळू माणसाला हें वरदानच आहे. तरीहि २०१७ सालीं आलेल्या रँग्लरच्या पिढीनें आणि आपल्याकडील २०२० च्या महिंद्र थारनें हाताचा दांडाच ठेवला, तो केवळ स्वस्ताईसाठीं असें मला वाटत नाहीं.

आतां धारणशक्तीचा प्रश्न. युरोपांत व अमेरिकेंत प्रवासी मोटारींना जे नियम लागू आहेत, त्यांप्रमाणें हातब्रेकनें भरलेली गाडी शेंकडा २० च्या चढावर धरली म्हणजे पुरे. शेंकडा २० म्हणजे पांच फूट पुढें गेल्यास एक फूट वर. कोनांत मोजल्यास सुमारें ११ अंश. चांगल्या गाड्या याहून अधिक धरतात. पण आडवाटेवर २५-३० अंशांचा उतार कांहीं अपूर्व नव्हे. तेथें झिजलेल्या शूवर विसंबून गाडींतून उतरणें हा जुगार आहे. त्यांत आणखी एक फसवी गोष्ट अशी, कीं ज्या गाडींत चारी चाकांना शक्ति वांटणारी वेगळी पेटी आहे, ती पेटी 'न्यूट्रल'मध्यें राहिली तर स्वयंचलित गिअर 'पार्क'वर असूनहि चाकें मोकळीं राहतात. मग त्या सबंध गाडीला एकटा हातब्रेक धरून असतो.

दुसरी एक गोष्ट लहान, पण घाम फोडणारी आहे. कांहीं गाड्यांत दार उघडलें किंवा पट्टा सोडला कीं हातब्रेक आपण होऊन लागतो, अथवा लागलेला सुटत नाहीं. शहरांत ही सोय सुज्ञपणाची. पण खडकावरून चढतांना चाक कोठें पडतें आहे हें दार किलकिलें करून पाहणाऱ्या चालकाला ती ऐन चढावर अडकवते. आपली गाडी असें करते काय, हें घराच्या अंगणांत तपासून घ्यावें.

देखभालीचें वेळापत्रक पुस्तकांत मैलांवर आंखलेलें असतें. आडवाटेच्या गाडीला तें पुरत नाहीं. तिचा हिशेब चिखलाच्या व पाण्याच्या प्रसंगांवर ठेवावा. गाळांतून प्रवास झाला, तर परतल्यावर मागचीं चाकें उतरवून ड्रम धुवावे, खिळे मोकळे आहेत काय पाहावें, जोडांवरील गंज पुसावा. आणि कान वापरावे. शांत जागीं, इंजिन बंद असतां, कळ ओढून मोटरचा आवाज ऐकावा. तो पूर्वींपेक्षां लांबला, चिरका झाला, किंवा एकाच बाजूनें येऊं लागला, तर दिवा लागण्याची वाट पाहूं नये. दांड्यानें हाताला जें सांगितलें असतें तें आतां एवढ्याच वाटेनें कळतें. बॅटरीहि जुनी होऊं देऊं नये, कारण कमी दाबाच्या विजेवर हा ब्रेक अर्धवट काम करून बिघाडाची खोटी खूण देतो.

वाटेंत बॅटरी गेलीच, तर प्रथम दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडतां येतील अशा तारा जवळ असाव्या. तिसऱ्या डिस्कव्हरींत ब्रेक सोडविण्यासाठीं आणीबाणीची एक तार दिलेली आहे. ती कोठें आहे हें पुस्तक उघडून आजच पाहून ठेवावें, कारण अंधारांत तें शोधणें कठीण. कॅलिपरवरच्या मोटरला अशी तार बहुधा नसते. तेथें जाणत्या माणसाला मोटरच खोलून स्क्रू हातानें मागें फिरवावा लागतो. दोन्ही बाबतींत ब्रेक सोडण्यापूर्वीं चाकें अडविलेलीं असलींच पाहिजेत. घाटांत मालमोटार बंद पडली कीं क्लीनर पहिली उडी मारतो ती हातांत दगड घेऊन, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. निघतांना तोच दगड रस्त्याच्या मधोमध टाकून जाण्याची त्याची रीत तेवढी सोडून, लांकडाचे दोन चांगले ठोकळे गाडींत ठेवावे आणि ते उताराच्या अंगाला, चाकाला अगदीं भिडवून लावावे.